जिथे माणसं हसली, तिथे फुली

प्रमिला गेल्याची बातमी मला तिच्या घरून नाही, धरणावरून कळली. सकाळी अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालत होते. फोन गजाननभाऊंचा. मूर्तिजापूरच्या पलीकडे जे धरण आहे, तिथल्या मच्छीमार सोसायटीचे ते अध्यक्ष. आयुष्य या काठावरून त्या काठावर हाका मारण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांचा फोन आला की मी तो कानापासून वीतभर लांब धरते. त्या दिवशी मात्र आवाज इतका खाली होता की मला दोनदा विचारावं लागलं. ‘‘कुंदाताई, आपल्या ताई गेल्या. आज पान्यावर कोनीच जाऊन नाई राह्यलं.’’ मी तशीच उभी राहिले, नळ चालू... तिच्या भावाचा फोन अमरावतीहून त्यानंतर आला. प्रमिलाच्या फोनमध्ये सगळ्यात वरचा नंबर गजाननभाऊंचा होता म्हणून त्याने पहिल्यांदा तिकडे लावला होता. हॉस्टेलपासूनची मैत्रीण मी, आणि मला त्यांच्यानंतर कळावं? खरं सांगते, अशा वेळीही मला त्याचा रागच आला. मग वाटलं, प्रमिलाच्या हिशेबाने हे बरोबरच झालं असतं.

प्रमिला तायडे मत्स्य खात्यात अधिकारी होती. आमच्या वऱ्हाडात हे सांगितलं की लोक आधी हसायचे. समुद्र कुठे आणि अकोला कुठे! पण धरणं आहेत, तलाव आहेत, आणि त्यांच्यावर पोट असलेली माणसं आहेत. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. घरात शिक्षणाचं वेड आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बाकी फारसं काही नाही. अमरावतीच्या हॉस्टेलात आम्ही एका खोलीत राहिलो. मेसच्या दारावर तेव्हा एक पाटी होती, दिवेलागणीनंतर जेवण मिळणार नाही. आणि चांदूर रेल्वेकडच्या मुली ज्या गाडीने यायच्या ती दिवेलागणीनंतरच यायची. आम्ही त्या मुलींसाठी पोळ्या लपवून ठेवायचो आणि स्वतःला फार थोर समजायचो. प्रमिलाने पोळ्या लपवल्या नाहीत. ती रेक्टरबाईंना संध्याकाळी फिरायला म्हणून स्टेशनवर घेऊन गेली आणि गाडी येईपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात पाटी बदलली. मी तिला चिडवलं होतं, बाई, तू पुढे कायदेच करशील. त्यावर ती म्हणाली, करणारे लय आहेत, तपासून पाहणारं कोणी नाही.

नोकरीत तिने तेच केलं. राज्याचे मासेमारीचे आणि नौकांचे नियम एका पुस्तिकेत छापलेले असत. ते बहुधा समुद्रावरून उचललेले, आणि उचलताना तिथलं बरंच काही सोबत आलेलं. पुस्तिका कार्यालयात वाचून तिला काही कळायचं नाही, असं तीच म्हणायची. ती धरणावर जायची, कडुलिंबाखाली सतरंजी टाकायला लावायची, आणि एकेक नियम मोठ्याने वाचायची. स्पष्टीकरण नाही, भाषण नाही. जिथे माणसं हसतील, तिथे पेन्सिलीने समासात फुली. बस, एवढीच तिची पद्धत. मी कॉलेजात भूगोल शिकवायचे. रविवार मोकळा असला की तिच्यासोबत जायचे, खरं तर तिथल्या तळलेल्या माशांसाठी. ‘भरती-ओहोटीच्या वेळांची दैनंदिन नोंद ठेवावी’ हे वाक्य तिने वाचलं, तेव्हाचा गडगडाट मला अजून ऐकू येतो. गजाननभाऊ शांतपणे म्हणाले होते, ‘‘ताई, आमच्या धरनाले भरती-ओहोटी पाटबंधारेवाले आनतात. त्यायलेच विचारा टाइम.’’ फुली पडली. पुढे वरच्या कार्यालयाशी बराच पत्रव्यवहार होऊन ती ओळ निघालीही. अशा कितीतरी ओळी तिने काढायला लावल्या. साहेब लोक तिला फुलीबाई म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि आवडायचंही.

एका वाचनात मात्र वेगळं झालं. नियम असा होता की ट्यूब, थर्माकोल किंवा तत्सम साधनांवरून मासेमारी करण्यास मनाई आहे. वऱ्हाडातल्या धरणांवर खरी नाव फार थोड्यांकडे. बाकीचे ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब पाण्यात टाकतात, तिच्यावर बसतात, दोन्ही हातांत रबरी चपला अडकवतात आणि त्यांनीच पाणी मागे सारत जातात. खात्याची तपासणी येणार असली की ट्यूबा तुरीच्या वावरात लपायच्या. हे प्रमिलाला ठाऊक होतं आणि तिला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. एवढंच काय, तिने स्वतः एकदा ट्यूबवर बसून पाहिलं होतं. बसल्या जागी उलटली, गुडघाभर पाण्यात नाकातोंडात पाणी गेलं, आणि सगळी सोसायटी पोट धरून हसली होती. म्हणून मला वाटलं, या नियमावर तर आता काय हसू फुटेल... पण कोणी हसलं नाही. कोणी बोललंही नाही. कोणी जाळ्याची गाठ सोडवायला लागलं, कोणी तंबाखू मळायला. प्रमिलाची पेन्सिल वर राहिली. परतताना एसटीत तिने पुस्तिका पुन्हा त्याच ओळीवर उघडली. मग म्हणाली, ‘‘कुंदा, ते हसले नाई. पाह्यलं का तू?’’

का हसले नाहीत ते आम्हाला मूर्तिजापूरच्या बाजारात कळलं. शांताबाई तिथे मासे विकायला बसते. तिचा नवरा रामदास आदल्या वर्षी धरणात बुडाला होता. ट्यूब फुटली, जाळं पायात अडकलं. पोहणारा माणूस होता, पण जाळ्यात अडकलेल्याचं पोहणं काय कामाचं? पंचनाम्यात मात्र लिहिलं होतं की तो पोहायला गेला होता. तसं सोसायटीतल्या माणसांनीच सांगितलं होतं, रामदासच्या सख्ख्या भावानेसुद्धा. ट्यूबवरून मासे धरत होता असं सांगावं तर नियम मोडला असं होणार, मग सोसायटीचा धरणावरचा हक्क जाणार आणि सगळ्यांची चूल विझणार. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि शांताबाईने पदर तोंडाला लावून मान हलवली. ते सगळं तिने त्या दिवशी बाजारात, हात माशाच्या खवल्यांनी भरलेले असताना, प्रमिलाला सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, ‘‘ताई, तो पोहाले नवता गेला. तो कामाले गेला होता.’’

प्रमिलाला मी रडताना फार वेळा पाहिलेलं नाही. तिथे, बाजारात, लोकांसमोर, ती रडली. मग डोळे पुसले आणि शांताबाईकडून मासे घेतले, नेहमीसारखी घासाघीस करून.

त्यानंतर तिच्या आयुष्यात एकच काम उरलं असं म्हटलं तरी चालेल. सरकारकडून जीवरक्षक जॅकेटं मिळायची ती नावेवरच्या माणसाला. ट्यूबवरच्याला नाही, कारण ट्यूबला मनाई, आणि मनाई आहे म्हणजे तिच्यावर कोणी नाहीच. तिने वर लिहिलं, नियमात नावा मोजू नका, माणूस मोजा. मासे धरायला जो पाण्यावर जातो, तो कशावर बसून जातो हे न विचारता त्याला जॅकेट द्या आणि ते घालणं सक्तीचं करा. वरून उत्तर यायचं की ज्याला बंदी आहे त्याला सुरक्षा कशी पुरवणार, आणि ट्यूबवरून मृत्यू झाल्याची तर कुठे नोंदच नाही. नोंद कशी असणार? ती सोसायटीनेच पुसली होती. प्रमिला निवृत्त झाली तेव्हाही मनाईची ओळ तशीच होती. निरोप समारंभात तिला एक भलंमोठं घड्याळ मिळालं. ते तिने घरी कधी लावलंच नाही.

निवृत्तीनंतर काही काळाने नव्या नियमांचा मसुदा आला. लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. ट्यूबची ओळ तशीच होती. प्रमिलाची तब्येत तेव्हाच बिघडलेली, चालताना धाप लागायची, पण ती अमरावतीहून आली आणि आम्ही पुन्हा त्या कडुलिंबाखाली गेलो. या वेळी तिने वाचलं नाही. तिने सरळ विचारलं, आम्ही ट्यूबवरूनच मासे धरतो आणि रामदास तसाच गेला, हे तुम्ही स्वतः लिहून द्याल का. गजाननभाऊ काडीने जमीन उकरायला लागले. मग म्हणाले, ‘‘आन धरन गेलं तं, ताई?’’ मला वाटलं ही आता धीर देईल, काही होत नाही म्हणेल. ती म्हणाली, ‘‘जाऊ शकते, भाऊ. मी खोटं नाई सांगत. पन तुमी पान्यावर हायच नाई असं तुमीच सांगतलं, तं कागदाले तुमी दिसान कसे?’’ मला तिचा राग आला. गरिबांना असं कोंडीत पकडतात का? परत येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही, आणि तिनेही माझी समजूत काढली नाही. पण तिथे, कडुलिंबाखाली, बायकांच्या रांगेतून शांताबाई उठली होती आणि पहिली सही तिने केली होती. तिच्यामागून रामदासचा भाऊ उठला. मग बाकीचे, एकेक करून, गजाननभाऊ सगळ्यात शेवटी.

सह्यांची हरकत वर गेली आणि वाट बघणं सुरू झालं. धरण राहतं की जातं, कोणालाच माहीत नव्हतं. प्रमिलाला तर त्याची फार धास्ती. मला फोन करून विचारायची, काहून वं कुंदा, मी चूक तं नाई केली? तिच्या तोंडून असा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मी म्हणायचे, केलीस तर केलीस, आता झोप. दवाखान्यात तिला शेवटची भेटले तेव्हा तिला बोलायला त्रास होत होता. मी उगीच इकडचं तिकडचं बोलत बसले, कॉलेजातल्या भांडणांचं, हॉस्टेलचं. तिने हात दाबला आणि एवढंच विचारलं, ‘‘आलं का काही?’’ मी नाही म्हटलं. तिने डोळे मिटले...

नियम तिच्यानंतर आले. गजाननभाऊंचा फोन आला, आणि या वेळी मला तो कानापासून लांब धरावा लागला. ताई नाहीत, तं तुमी या वाचाले, असं त्यांचं म्हणणं. मी गेले. तीच सतरंजी, तोच कडुलिंब. प्रमिलाच्या भावाने तिची पेन्सिल मला दिली होती, ब्लेडने तासलेली, बोटाच्या पेराएवढी उरलेली. मी पुस्तिका उघडली आणि पहिल्या नियमापासून वाचत गेले. ती ओळ आली. मासेमारीसाठी पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस, साधन कोणतेही असो, जीवरक्षक जॅकेट देण्यात यावे व ते परिधान करणे बंधनकारक राहील. ट्यूबची मनाई कुठेच नव्हती. मी थांबले. शांताबाई म्हणाली, ‘‘अजून एकडाव वाचा.’’ मी वाचलं. तिने रामदासच्या भावाकडे पाहिलं. तो धरणाकडे बघत होता.

कोणी रडत होतं, कोणी नाक पुसत होतं. मला तिथेच वाचन संपवावंसं वाटलं. पण प्रमिला कधी मधेच थांबली नव्हती, म्हणून पुढची ओळ घेतली. दाट धुक्यात प्रत्येक साधनावरील व्यक्तीने हाती भोंगा धरून तो थोड्या थोड्या वेळाने वाजवावा. मग मागून रामदासच्या भावाचा आवाज आला, ‘‘दोनी हातात चपला. भोंगा का दातात धरू?’’

पहिल्यांदा शांताबाई हसली. डोळ्यांतलं पाणी पुसता पुसता हसली, आणि मग सगळा कडुलिंब हसायला लागला. इतकं हसले की काठावरचे बगळे उडाले. मी पेन्सिल हातात धरून नुसतीच बसले होते. शांताबाई जवळ आली, कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘‘मारा फुली.’’

मी समासात फुली मारली आणि पुढची ओळ वाचायला घेतली.