पांढरी रेघ

थोरला भाऊ फौजेत वायरलेसवर होता. शेवटच्या सुट्टीत त्यानं टीव्ही आणला. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात तो पहिलाच. पुण्याकडं तोंड करून उंच बांबूवर अँटेना चढवली, तेव्हा मुंग्यांतून माणसं दिसू लागली. सुट्टी संपवून तो परत गेला आणि महिन्याभरात पहाडात त्याची गाडी दरीत कोसळली.

तेराव्यानंतर टीव्ही लावला. आवाज आला, पण पडदा काळा आणि मधोमध फक्त एक पांढरी आडवी रेघ. भाऊ असताना हे एकदा झालं होतं. त्यानं डाव्या बाजूला थाप मारली होती. वहिनीनं तशीच मारली. झोपलेल्या माणसानं डोळा उघडावा तशी रेघ वर-खाली फाकत गेली.

"आला गं माझा लेक," आई म्हणाली.

मग दर रविवारी तेच. सिनेमाला घराचा सोपा माणसांनी भरायचा. शेजारच्या काकांनी एकदा चांगल्या चार थापा हाणल्या. रेघ ढिम्म. "आवं, त्यो बायकूलाच वळखतोय!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले आणि म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. आई टीव्हीला कुंकू लावू लागली. वहिनी पदर सावरत लोकांसमोर उठायची, थाप मारायची आणि आत निघून जायची.

मी त्या दिवसांत अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं खळ लावून गावोगावच्या भिंतींवर चिकटवत होतो. आणि माझ्याच घरात लोक खोक्याला हात जोडत होते! दोन वर्षं मी हे सोसलं. मग वहिनीला सांगलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. सोमवारी हजर व्हायचं होतं.

"तू गेलीस तर त्यो कुणासाठी यील?" आईनं विचारलं. वहिनीनं प्रवेशाचं पत्र घडी घालून डब्यात ठेवलं.

शनिवारी संध्याकाळी आई देवळात गेल्यावर मी टीव्हीचं मागचं झाकण काढलं. रेडिओच्या दुकानात बसून थोडंफार शिकलो होतो. पाठीमागून पडदा दिसेना, म्हणून भावाचा दाढीचा आरसा वहिनीच्या हातात दिला. ती समोर तो धरून उभी राहिली. आरशात रेघ होती, आणि काठावर तिची बोटं.

टीव्ही चालू ठेवूनच मी लाकडी काडीनं आत एकेक जागा हलकेच ठोकत गेलो. डावीकडं, एका तापलेल्या काचेच्या व्हॉल्व्हच्या बुडाशी काडी टेकली आणि रेघ थरथरून उघडली. टीव्ही बंद करून भिंगातून पाहिलं. तिथल्या तारेच्या जोडाभोवती केसाएवढा तडा. थाप नेमकी त्याच्यावर बसली की तो चिकटायचा. काकांचा हात वर पडत होता, वहिनीचा जागेवर.

"एवढंच व्हय, भावजी?"

"एवढंच. थापेनं जोड हलायचा."

ती बराच वेळ आरशात बघत राहिली. पडदा आता नुसता काळा होता. "मी थाप मारत नव्हते," ती म्हणाली. "दार वाजवत व्हते."

माझ्या हातातली डाग द्यायची इस्त्री तापून धूर सोडत होती. मी थांबलो.

"जोडा," ती म्हणाली. "सोमवारी जायचंय मला."

रविवारी बटण फिरवताच चित्र आपोआप आलं. सोमवारी वहिनी सांगलीच्या गाडीत बसली. आई फाटकापर्यंतही आली नाही.

पुढच्या रविवारी सिनेमा सुरू असताना आई उठली. तिनं डाव्या बाजूला थाप मारली. चित्र हललंसुद्धा नाही. तिनं पुन्हा मारली. मग माझ्याकडं वळली.

"ती रेघ परत आणता येती का रं?"

येत होती. एक जोड उकलायचा होता. पण मग आईनं वहिनीलाही परत आणलं असतं.

"न्हाई येत, आई," मी म्हणालो.

ती उभीच राहिली. पडद्यावरच्या माणसांचा उजेड तिच्या पांढऱ्या लुगड्यावर हलत होता.