दोन्ही पोटऱ्यांचं माप

रोज मोटारसायकलनं सिहोऱ्याला जायचो. सायलेन्सरनं पाय भाजला, तेव्हा भंडाऱ्यात उंच बूट घ्यायला गेलो. आमच्या घरात सगळ्यांच्याच पोटऱ्या भरदार. डाव्या पायात बूट चढवला, तर चेन अर्ध्यातच अडली.

"पाय सुजून राहिला का जी?" दुकानदारानं सहज विचारलं.

आमच्याकडे पाय सुजला म्हटलं की आधी हत्तीपाय आठवतो. उजव्या पायात बूट घालून बघायची हिंमत होईना.

शेजारी एक म्हातारा रुंद चपला शोधत होता. त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एक पाय खांबासारखा. काही न विचारता तो वाकला, खिशातून गाठी मारलेली सुतळी काढली आणि जीभ दातांत धरून माझ्या डाव्या पोटरीला गुंडाळली. मग उजवीला. मग पुन्हा डावीला.

"सारख्याच आहेत," तो म्हणाला. "दोन्ही पाय जाड असन त देवाची देन, बाबू. एकच असन त मच्छराची."

मी इतका हलका झालो, की बूट मिळाले नाहीत याचंही काही वाटलं नाही. निघताना त्यानं सुतळी माझ्या हातात ठेवली.

"मोजत जाजो."

"अन् तुमाले?"

"ह्या गाठी माह्याच पायाच्या मापाच्या," तो खाली न बघता म्हणाला. "आता सुतळी पुरत नाही मले."