परसातली अंजिराची तीन झाडं

अंजीर झाडावरच पिकतं. कच्चं तोडून ठेवलं तर नुसतं मऊ पडतं, गोड होत नाही. म्हणून फळांच्या दिवसांत शाळेत जाण्याआधी मला रोज परसात जावं लागायचं. बाबांचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा आणि हातांना खोबरेल चोळायचं, कारण अंजिराचा चीक कातडीला लागला की दिवसभर खाज सुटते. मग एकेक पान वर करून बघायचं. फळाची मान खाली झुकलेली असेल आणि देठाशी नख लावलं तरी पांढरा थेंब येत नसेल, तर तोडायचं. नाहीतर उद्या. उद्यापर्यंत पाखरांनी ठेवलं तर.

जानेफळला आमच्या घरात मी आणि बाबा, दोघंच. मी गावच्या शाळेत शिकवते. लग्न झालं नाही, त्याचं आता काही वाटतही नाही. बाबा शिंपी. आई गेली त्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं आणि परसात अंजीर लावायला घेतलं. आधी पुणेरी लावलं, एका नातेवाइकाकडून फांदी आणून. त्याची फळं जांभळट आणि बारीक, पण साखरेसारखी. मग बुलढाण्याच्या कृषी प्रदर्शनातून डायना आणलं. ते हिरवट-पिवळं, मोठं, वाळवायला चांगलं. शेवटी शेगावहून दर्शन करून येताना वाटेतल्या रोपवाटिकेत त्यांना तपकिरी फळांचं विलायती रोप दिसलं. एसटीत ते मी मांडीवर घेऊन बसले होते. पिशवीतलं पाणी गळून माझी साडी भिजली, आणि बाबा पलीकडच्या प्रवाशाला त्या फळाची चव समजावत होते.

पहिली काही वर्षं सगळं त्यांनीच केलं. छाटणी, शेणखत, खोडाला भोक पाडणारी अळी तारेनं बाहेर काढणं. उरलेल्या चिंध्यांच्या छोट्या पिशव्या शिवून ते प्रत्येक फळाला बांधायचे. लोक म्हणायचे, शिंप्याच्या घरी झाडंही कपडे घालून उभी असतात. मग काचबिंदूनं त्यांची नजर गेली, आणि तिन्ही झाडं माझ्याकडे आली.

खरं सांगायचं तर फळांपेक्षा पाण्यानं जीव काढला. अंजीर गोड होतं ते उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे नळाचा भरवसा नाही. भांडी विसळलेलं, आंघोळीचं, धुण्याचं, सगळं पाणी बादल्यांनी परसात. पाणी कमी पडलं की फळ गळतं, एकदम जास्त झालं की तडकतं. विलायतीचं तर फारच नाजूक काम. शाळा, स्वयंपाक, बाबांचे डोळ्यांत घालायचे थेंब, बुलढाण्याला डॉक्टरकडे खेपा, आणि हे. संध्याकाळी उजवा खांदा इतका भरून यायचा की वेणी घालायला हात वर जात नसे.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी बादली उचलताना तोच हात सुटला. पाणी सांडलं. ते कुठे वाहतंय ते बघत मी तिथेच चिखलात बसले, आणि मला उठावंसंच वाटेना.

बाबा ओट्यावर होते. "काय झालं वं?"

"काही नाही. बसली."

"काऊन?"

"थकली, बाबा."

ते भिंत चाचपत आले आणि धुण्याच्या दगडावर टेकले. मग मी हिय्या करून म्हणाले, "दोन झाडं काढून टाकली तं चालतीन का? एक ठेवू."

"तिन्ही काढ."

मला वाटलं, चिडले. "असं रागानं नका बोलू."

"राग कायचा? मी तं तुह्यासाठी ठेवले हे झाडं. तुह्या मायले अंजीर आवडेच नाही. मले त्याचं बी दातात अडकते. तूच लहानपणी मेहकरच्या बाजारात अंजिरापायी रडून रडून लोळली होती. तवा घेऊन देल्लं नाही मी."

"मी?"

"हाव, तू."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. मी म्हणाले, "बाबा, मले अंजीर आवडत नाही."

त्यांचा चेहरा माझ्या आवाजाकडे वळला. "मंग रोज खातं काऊन?"

"तुम्ही सोलून हातात देता म्हणून. मले वाटे, तुमचा जीव आहे यायच्यात."

ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाठ चोळायला उठले, आणि चिखलाच्या हातांनी त्यांची बनियन भरवली. मलाही हसू आलं, पण ते मधेच कुठेतरी रडण्यात गेलं. ते म्हणाले, "सांगाव तं खरं, पोरी." मी म्हटलं, "तुम्ही तरी कुठी सांगतलं?"

पुढच्या आठवड्यात शेजारच्या मामांनी कुऱ्हाड आणली. विलायती आणि डायना तोडली. खोडातून पांढरा चीक वाहत होता. बाबा आवाजाच्या दिशेनं तोंड करून उभे होते. पुणेरीची पाळी आली तेव्हा त्यांनीच हात वर केला. "ते राहू दे. बादल्या नाही भरल्या तं मोरीचं पाणी आपोआप जाते त्याले. तू काही करू नको. फळं तोडू बी नको. पाखरं येतीन तं आयकू येतीन मले."

आता मी त्या झाडाला हात लावत नाही. फळं खाली पडतात, मुंग्या लागतात, रविवारी झाडून काढते. खांदा अजून दुखतोच, आणि सकाळी जाग पहिल्यासारखीच लवकर येते. पण मी पडून राहते. कधी झोप लागते, कधी नाही.

दोन झाडांच्या जागी परस उघडं पडलं आहे. परवा बाबा खुर्ची टाकून तिकडे बसले होते. थोड्या वेळानं हाक आली, "इथी ऊन लागून राह्यलं वं."

मी पोळी तव्यावरून उतरवली, बाहेर गेले आणि त्यांची खुर्ची भिंतीच्या सावलीत सरकवली.