वारज्यातली भरती

आमच्या घरात महिनाभर रोज सकाळी भरतीची वेळ जाहीर होत असे. घर वारज्यात, सातव्या मजल्यावर. समोर महामार्ग, मागे टेकडी, आणि समुद्र पार घाट उतरून पलीकडे. तरी माझे सासरे हातात चहाचा कप घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभे राहत, तिथी बघत, तिची पाऊणपट करत आणि सांगत, "आज षष्ठी. सहा पाऊण साडेचार. साडेचारला भरती."

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "मुठेला कळवू का?"

ते हसले नाहीत. "तिला काय कळवायचं? तिच्यात पाणी कुठाय?"

लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण सणावाराचे दोन दिवस सोडले तर आम्ही एका घरात कधी राहिलोच नव्हतो. त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं, की या माणसाशी आपलं जमणार.

सासरे मूळचे कोकणातले, पण आयुष्य मुंबईच्या गोदीत गेलं. जहाज धक्क्याला लागताना वरून दोर फेकतात, तो झेलून खुंट्याला अडकवणाऱ्या टोळीत ते एकेचाळीस वर्षं होते. जुन्या गोदीला दरवाजे होते. भरती आली की ते उघडायचे, जहाजं आतबाहेर करायची आणि दरवाजे पुन्हा बंद. म्हणजे यांची पाळी घड्याळावर नाही, चंद्रावर ठरायची. नवरा सांगतो, लहानपणी त्यांच्याकडे जेवायची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकायची, आणि बरीच वर्षं त्याला वाटायचं, की सगळ्यांच्याच घरी तसं असतं.

निवृत्तीनंतर सासूबाई गेल्या, तरी सासऱ्यांनी मुंबईतली तिसऱ्या मजल्यावरची खोली सोडली नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मोतीबिंदू पिकला, दोन जिन्यांमध्ये एक पायरी जास्तीची दिसू लागली, तेव्हा आमच्या आग्रहाखातर ऑपरेशनला पुण्यात आले. येतानाच अट घातली. "एक महिना. डोळ्यातले थेंब संपले, की मी चाललो." आम्ही हो म्हटलं. एक महिना कोणीही काढतं, असं मी मनात म्हटलं होतं. ते आता लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं होतं.

मी जन्माने पुण्याची. येरवड्यात वाढले. हे सांगितलं, की समोरचा हमखास विचारतो, "आत की बाहेर?" मुंबई आम्हाला तीन-चार तासांवर, पण आमच्या घरी मुंबईला जाणं म्हणजे कुणाचं तरी लग्न गाठणं, घामाने भिजणं, मिळेल त्या गाडीने संध्याकाळी परत येणं आणि पुढचे आठ दिवस "कशी राहतात बाई माणसं!" असं म्हणत राहणं. एवढंच. तिथे माणसं का जातात, असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पैसे मिळवायला जात असतील, आणखी काय.

नवरा खराडीला एका कंपनीत आहे. वारजे शहराच्या एका टोकाला, खराडी दुसऱ्या. तो सकाळी आठला निघतो. "एवढ्या वेळात माणूस मुंबईला पोचून अंघोळ करतो," हे सासऱ्यांचं मत. मी घरी बसून पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघंच. डोळ्यावर हिरवी पट्टी, टीव्ही बंद, वाचायला बंदी. करणार काय? ते बोलत बसायचे, आणि मी मान खाली घालून लाल पेनाने काम करता करता ऐकायची.

वासावरून ते जहाज ओळखायचे. खजुराचं वेगळं, गंधकाचं वेगळं, बर्मी सागवानाचं आणखी वेगळं. "डाळीचं जहाज लागलं ना बाय, की पहिला हमाल खूश. हमाल खूश तर गाडीवाला खूश. मग खानावळवाली दोन किलो तांदूळ जास्ती टाकणार. तिच्या गल्लीतला शिंपीपण खूश. एक दरवाजा उघडला की निम्मी मुंबई जेवायची." पुढे कंटेनर आले, मोठी जहाजं खाडीपलीकडच्या नव्या बंदरात जाऊ लागली, टोळ्या मोडल्या. हेही ते सांगायचे, पण गळा काढून नाही. "मुंबई रडत नाय बसत. गोदी थंड पडली तर ती दुसरं काय तरी उतरवायला घेते." मी व्याकरणाच्या पुस्तकातलं एक पान तिसऱ्यांदा वाचत असायची, आणि त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरत नसायचं.

दहाव्या दिवशी पट्टी निघाली आणि ते मासे शोधायला बाहेर पडले. मी शाकाहारी घरातली. मासे खात नाही, पण करते. माझ्या माहेरी हा विषय अजूनही काढत नाहीत.

आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत एका गाळ्यात मासळीचं दुकान आहे. चालवणारी बाई इथलीच. गाव शहरात आलं, तिच्या सासरच्या शेतावर आमच्यासारख्यांच्या इमारती उठल्या, आणि त्या इमारतींतल्या लोकांना काय लागतं ते बघून तिने हा धंदा टाकला. माल पहाटे बाजारातून येतो, तिथे तो मुंबईहून आणि कोकणातून ट्रकने येतो. सासऱ्यांनी एक पापलेट उचललं, कल्ला उघडला, नवीन डोळ्याने नीट पाहिलं आणि म्हणाले, "हा चार दिवसांचा आहे."

बाई पाटावरून मान वर न करता म्हणाली, "तुमीबी काय आजचं न्हाई आज्जोबा. घ्यायचा तर घ्या, न्हाईतर दर्शन घ्या आन् पुढं व्हा. हितं काय समिंदर हाय का?"

मी मागे उभी होते. मला वाटलं, आता भांडण. पण सासरे इतके खूश झाले, की तिथलं प्लॅस्टिकचं स्टूल ओढून बसलेच. इतक्या दिवसांत पुण्यात त्यांच्याशी कुणीतरी सरळ बोललं होतं. बाकी सगळे त्यांना "आपण बसा, आपण दमला असाल" असं म्हणत होते.

बोलता बोलता कळलं, की आठ वर्षं मासे विकणाऱ्या या बाईने समुद्र पाहिलेला नाही. सासरे हबकले. म्हणजे मला कुणी सांगितलं असतं की अमुक माणूस आठ वर्षं मुद्रितं तपासतोय आणि त्याने पुस्तक पाहिलेलं नाही, तर माझं जे झालं असतं, ते त्यांचं झालं. त्यांनी तिथेच तिची शिकवणी सुरू केली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, जाळ्यात बोंबील रग्गड येतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी सुस्त असतं, मग ट्रकमध्ये येतो तो बर्फातला जुना माल. "पुनवेच्या दुसऱ्या दिवशी बोंबील जास्ती मागव. भांगाला हात आखडता घे. नायतर लोक तुझ्याकडून फसतात आणि तू ट्रकवाल्याकडून."

"आन् न्हाई खपला तर?"

"तर मी खाईन."

पौर्णिमा झाली, तिने बोंबील दुप्पट मागवला आणि अकरा वाजता पाट धुऊन ठेवला. त्यानंतर सासऱ्यांचं स्टूल ठरलेलं. रोज सकाळी नऊ ते अकरा ते तिथे. आमच्या सोसायटीतले मासे खाणारे लोक, ज्यांना मी इतकी वर्षं फक्त लिफ्टमध्ये मान डोलावताना पाहिलं होतं, ते त्यांना तिथी विचारू लागले. विदर्भातून नोकरीसाठी आलेली चौथ्या मजल्यावरची दोन मुलं मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपून घ्यायची. एकदा एकाने मला लिफ्टमध्ये सांगितलं, "काकू, तुमच्या आजोबांचा डेटा एकदम अचूक असतो." मला हसू आवरेना.

आणि अकरानंतर ते घरी येत. मुद्दा तो आहे. ते आले, की मी मुद्रितं बाजूला सारत असे. आम्ही जेवत असू. टेबलाशी, समोरासमोर, दोन ताटं वाढून. एरवी माझं दुपारचं जेवण म्हणजे ओट्याशी उभ्या उभ्या पोळीची गुंडाळी. बारा वर्षांत मला एकटेपणा आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मलाच माहीत नव्हतं. ते जायचे दिवस जवळ आले तेव्हा एका दुपारी आमटी वाढताना माझा हात थांबला आणि कळलं. मला हा माणूस इथे हवा होता.

नवऱ्यालाही हवा होता. मग आम्ही पुणेरी पद्धतीने कामाला लागलो. म्हणजे मुद्दे काढले. इथे लिफ्ट आहे. डोळ्यांचा डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर. हवा कोरडी, गुडघ्यांना चांगली. पाणी चोवीस तास. ज्येष्ठ नागरिकांसाठी बाग, बागेत बाक, बाकाला पाठ. नवऱ्याने रविवारी जेवताना हे सगळं व्यवस्थित मांडलं, ऑफिसात मांडतो तसं. सासरे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चांगलं आहे. सगळं चांगलं आहे," आणि ताक मागितलं. थेंब गुरुवारी संपणार होते, शुक्रवारची गाडी त्यांनी आधीच ठरवली होती.

नंतरच्या चार दिवसांत मी तीनदा सांगायचा प्रयत्न केला. पण आमच्या जिभेला वळणच वेगळं. सोमवारी "बाबा, राहा ना" म्हणायला गेले आणि तोंडातून आलं, "जा, जा, तुमच्याशिवाय मुंबई बुडायची थांबलीय." मंगळवारी मी म्हणाले, "बरंच झालं, बोंबलाच्या वासातून सुटका." बुधवारी तर मी त्यांना मुंबईच्या जिन्याला किती पायऱ्या ते विचारलं आणि त्यांनी सांगितल्यावर "हं" म्हणून आत गेले. स्वयंपाकघरात स्वतःला दोन शिव्या घातल्या, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

शुक्रवारी नवऱ्याची मीटिंग होती. तो सकाळीच वाकून नमस्कार करून गेला आणि दार लागल्यावर लिफ्ट सोडून जिन्याने उतरला. मी सासऱ्यांबरोबर पुलापाशी गेले, जिथे मुंबईच्या गाड्या थांबतात. मासळीवाली बाई आधीच तिथे येऊन उभी होती. ओल्या हातांनी, दुकान नवऱ्यावर टाकून.

"आज्जोबा, येत्या पुनवंला किती मागवू ते सांगा."

सासऱ्यांनी बोटांवर मोजलं आणि सांगितलं. ती म्हणाली, "आन् अवसेला?" त्यांनी तेही सांगितलं. "आन् त्याच्या फुडं?" मग तिने पदर डोळ्यांना लावला आणि गल्लीकडे चालू लागली. एवढं साधं होतं ते. मला जमलं नव्हतं.

गाडीला उशीर होता. ट्रक जात होते, धूळ उडत होती. मी समोरच्या दुभाजकाकडे बघत म्हटलं, "बाबा, जाऊ नका."

ते म्हणाले, "अगं, पण माझी तिथं काय गैरसोय नाय."

"तुमची नाही हो. माझी आहे." आणि एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. मी सांगितलं, की तुम्ही आल्यापासून मी बसून जेवते. की अकरा वाजता मी दाराकडे बघत असते. की घरात बोलणारं कुणी नसतं म्हणून मी दिवसभर मुद्रितांशी भांडते, आणि बारा वर्षं मला वाटत होतं, की माझा स्वभावच तसला आहे.

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "रविवारी तुम्ही दोघांनी मला सोय सांगितली. लिफ्ट, डॉक्टर, बाक. सोय स्मशानातपण असते, बाय. मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा मुंबईला काय सोयीसाठी गेलो? झोपायला पाय पसरता येत नव्हते. मामानं निरोप धाडलेला, टोळीत एक माणूस कमी आहे, ये. तेवढ्यावर गेलो. तेवढ्यावर पंचावन्न वर्षं काढली. ते गाव असंच भरलंय सगळं. कुणाला तरी कुणी तरी बोललंय, तू हवायस, ये."

मी नाक पुसलं. "मग आमच्याकडेही एक माणूस कमी आहे."

तेवढ्यात गाडी आली. सासऱ्यांचा हात सवयीने वर गेला, गाडी करकचून थांबली, दार उघडलं. कंडक्टर खाली वाकून म्हणाला, "चला आजोबा, लवकर!"

"नाय येत."

"मग हात कशाला केलात? आम्हाला काय काम नाही?"

"तुम्हाला आहे ना? मग जावा," सासरे म्हणाले. "मलापण आत्ताच लागलंय."