शिट्टीमावशीचा पायगुण

शाळेसमोरच्या चौकात हात आडवा करून भल्याभल्या ट्रकांना थांबवणारी बाई, तिला मुलं शिट्टीमावशी म्हणत. तिचा सख्खा भाचाही तिचंच बोट धरून हा रस्ता ओलांडायचा. शिकला, वाहतूक कार्यालयात अभ्यासक म्हणून लागला. मावशीला कोण कौतुक!

त्या कौतुकाच्या लेकराने पहिला अभ्यास केला तो शिट्टीवाल्यांचा. म्हणे, जिथे हे उभे असतात, तिथेच अपघात जास्त. अरे शहाण्या, जिथे गाड्या अंगावर येतात, तिथेच तर माणूस उभा करतात! निवांत गल्लीत शिट्टी फुंकायला कोण जाईल? पण वरच्या साहेबांना नोकर कमी करायचेच होते, हे त्यांच्या पथ्यावर पडलं.

मावशीची शिट्टी काढून घेतली. नोकरीचं एक वेळ तिने सोसलं असतं. पण मागे तिच्या डोळ्यांदेखत एक मुलगा मोटारीखाली आला होता, पाय गेला त्याचा.

"मी तिथे नसते, तर तो वाचला असता का रे?" तिने भाच्याला विचारलं.

"एकेकाचं असं सांगता येत नाही, मावशी. एकूण आकडे मात्र तसेच आहेत."

झालं! त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं.

वर्षभराने तो हसतच घरी आला. "मावशी, तुझ्या चौकात यंदा एकही अपघात नाही!"

मावशी म्हणाली, "बरं झालं बाबा, मला काढलंत ते."

अपघात होतील कसे? मावशी चौकातून गेल्यावर इकडच्या वस्तीतल्या आयांनी पोरांना एकटं पाठवणंच सोडलं. ज्यांना परवडलं त्यांनी शाळेची गाडी लावली, बाकीची पोरं घरी बसली. शेजारची धाकटी तर दिवसभर भावाला कडेवर घेऊन दारात उभी. भाच्याने चौक तपासला, वर्गातले रिकामे बाक बघायला कोण जातंय?

एका सकाळी तीच पोर दप्तर घेऊन मावशीकडे आली. "मावशी, मला पलीकडे सोडशील? तू असशील तर जा म्हणाली आई."

मावशीचा हात सवयीने पुढे झाला आणि तिथेच थांबला.

"नको गं बाळा," ती म्हणाली, "माझा पायगुण वाईट आहे."

आणि तिने दार लावून घेतलं.