वीस मिनिटांचं अंतर

भाऊ फौजेत, नेमणूक लडाखच्या पार टोकाला, थोईसला. तिथला विमानतळ लष्कराचा. तिथून लेहचा विमानतळ साठेक किलोमीटर, विमानाने वीस मिनिटं. रजेवर निघाला की तो दरवेळी हेच सांगायचा, म्हणून मला पाठ होतं. वडील, आमचे आप्पा, गेले त्या सकाळी भावाला फोनवर कळवलं, अंगणात जमलेल्या माणसांना मी एवढंच ऐकवलं आणि माझ्याच तोंडाने घात केला.

"साठ किलोमीटर म्हंजी परभणी-नांदेड की!" चुलता म्हणाला. "दुपारपातूर येतंय पोरगं. थंड पेटी कशाला आणायलाव?"

सगळ्यांना पटलं. लेहच्या पुढे दिल्ली, मग हैदराबाद, मग गाडी, हे माझ्या जिभेवर आलंच नाही. गंगाखेडहून बर्फाच्या लाद्या आणल्या आणि आप्पांना ओसरीवर ठेवलं.

मला भाऊच हवा होता. गेल्या साली बांधावरून जुंपली तेव्हा याच चुलत्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने आप्पांचं मनगट मोडलं होतं. हाड सांधलं, हात वाकडाच राहिला. त्या वाकड्या हाताने माझा हात धरून आप्पा म्हणाले होते, "त्याच्या हातचा अग्नी नको मला. पोरगा येईस्तोवर ठेव." मी हो म्हणाले होते.

तिकडे ढग बसले. विमान उडेना, घाटाचा रस्ता बर्फाने बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांचा चेहरा ओळखू येईना. ओसरीत वास सुटला, बायका नाकाला पदर लावून मागे सरकल्या. चुलत्याने विस्तवाचं मडकं उचललं. मडकं ज्याच्या हाती, अग्नी त्याचा.

"काका, ठेवा ते खाली."

"लय झालं तुझं. नांदेडाएवढ्या वाटंला दोन दिस? त्यो काय येत न्हाई."

माझं डोकं फिरलं. सरपणातलं बाभळीचं लाकूड उचललं आणि त्याच्या खांद्यात घातलं. मडकं कुणीतरी वरच्यावर झेललं. दुसरा फटका कानावर बसला, रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तिसरा हाणणार तोच त्याच्या पोराने माझे केस धरून मला खाली आपटलं. दात ओठात घुसला. चौघांनी फरफटत नेऊन गोठ्यात कोंडलं आणि बाहेरून कडी घातली. मी लाथांनी दार बडवलं, डोकं आपटलं, मिळतील त्या शिव्या दिल्या. काल आप्पांच्या पायांवर पडून रडलेल्यांतला एकही मागे वळला नाही.

हलगी लांब जात गेली. मग पत्र्याच्या भोकातून शेताच्या कडेला धूर दिसला.

किती वेळ गेला कोण जाणे, कमरेला खोचलेला फोन वाजला.

"अक्का, लेहला उतरलो! वीसच मिनिटं लागली बघ. आप्पा हाइत ना अजून?"

मी तोंडातलं रक्त गिळलं.

"हाइत," म्हणाले. "ये."