बापाची शीळ

एरंडेलाचा वास आला की मला बापाची शीळ ऐकू येते. बापानं जिल्ह्यातलं सगळं एरंडेल पिऊन संपवलं, तरी पोट साफ होईना. संडासाच्या धाकानं त्यानं जेवणच सोडलं. मी त्याला हिंगोलीला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. "बाबा, कुंथू नका. पायाखाली पाट घ्या अन् ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडा." जन्म मेंढरांत गेलेला, त्या चंबूतून शीळच निघणार. तिसऱ्या सकाळी संडासाभोवती हजारभर मेंढरं गोळा झाली. आतून बाप म्हणाला, "हाकल त्यायला. अन् घरात सांग, दोन भाकरी टाका." आता माझंही पोट अडतं. पाटावर पाय ठेवून मीही शीळ घालतो. मेंढरं न्हाईत आता, बापही गेला. दाराशी बाप तेवढा येऊन उभा राहतो.